हाली, कलदार आणि ठेवीची पावती

बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता. निजामाच्या अमदानींत येथील व्यापाऱ्यास हाली रुपया व कलदार रुपया यांतील भेद कोणी शिकवावा लागत नसे. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब पेढीवरच्या पोरासहि ठाऊक असे. त्याच व्यापाऱ्यांच्या नातवंडांस बँकेची ठेव व पतसंस्थेची ठेव यांतील भेद उमगूं नये, ही खेदाची गोष्ट होय.

एकाची ठेव उचलून बँक दुसऱ्यास कर्ज देते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाहीं. समजा, माजलगांवच्या एका जिनिंगवाल्यास बँकेनें १० लाखांचें कर्ज मंजूर केलें. त्यासाठीं ती कोणाच्याहि खात्यांतून छदाम काढीत नाहीं. एका बाजूस त्याच्याकडून १० लाख येणें लिहिते व दुसऱ्या बाजूस त्याच्याच खात्यांत १० लाख जमा दाखविते. ही नोंद होईपर्यंत तो पैसा जगांत कोठेंच नव्हता! त्यांतून कापसाचे पैसे चुकते होतात, शेतकरी किराण्याची उधारी भागवितो. आणि कर्ज फिटलें म्हणजे तितकाच पैसा पुनः नाहींसा होतो. बँक ऑफ इंग्लंडनें २०१४ सालीं आपल्या त्रैमासिकांत हेंच उघडपणें सांगितलें. मग बँकांनीं हवा तितका पैसा कां निर्मूं नये? कारण इतर बँकांचें देणें रिझर्व्ह बँकेकडील शिलकेंतून चुकवावें लागतें, आणि बुडीत कर्ज प्रथम भागधारकांचें भांडवल खातें.

पतसंस्थेची गोष्ट निराळी. तिची पावती शेजारच्या दुकानींहि पैसा म्हणून चालत नाहीं. तिचें कर्ज अखेर ठेवीदारांनीं आणून दिलेल्या पैशांतूनच जातें. तिच्या पाठीशीं रिझर्व्ह बँक नाहीं. बँकेच्या ठेवीस २०२० पासून ५ लाखांपर्यंत जो विमा आहे, तोहि तिच्या ठेवीस नाहीं.

बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. चढ्या व्याजाच्या आशेनें लोकांनीं तेथें ठेवी ठेविल्या. २०२३ सालीं त्या परत मिळेनाशा झाल्या. २ हजार कोटींहून अधिक रक्कम संबंधित उद्योगसमूहास कर्जाच्या नांवाखालीं गेली, असा अंमलबजावणी संचालनालयाचा आरोप आहे. निवाडा न्यायालयानें करावयाचा. ठेवीदारच लोभी, असें म्हणून मोकळे होणारे शहाणे पुष्कळ भेटतात. आम्हांस तें मान्य नाहीं. गल्ला तोच, पासबुक तेंच, आणि मल्टिस्टेटची नोंदणी २००२ च्या कायद्यान्वयें दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे. गेवराईच्या पेन्शनर मास्तरांनीं चौकशीस दिल्ली गांठावी काय?

प्रत्येक पतसंस्थेच्या दारावर व पावतीवर ‘या ठेवीस सरकारी विमा नाहीं’ असें ठळक मराठींत छापावें, आणि संचालकांस व त्यांच्या आप्तांस दिलेल्या कर्जांची यादी दर तिमाहीस कचेरींत लावावी, अशी आमची मागणी आहे. सचोटीच्या संस्थांनीं त्यासाठीं कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. सभासदांनीं येत्या वार्षिक सभेंतच हा ठराव मांडावा, आणि कोणते संचालक विरोध करितात तें लिहून ठेवावें.