कडू केलं तरी पिणारे

सकाळी साडेसात. प्रवरा परिसरातल्या आमच्या फार्मसी कॉलेजात अ‍ॅनिमल हाऊसची रात्र आता सुरू होणार. उंदीर अंधारात खातात-पितात, म्हणून टायमर उलटा लावलेला आहे: आठला दिवे जातात आणि आम्ही मिणमिणत्या लाल दिव्यात कामाला लागतो.

आठ वाजता वजनं आणि बाटल्या. एकीत पाणी, दुसरीत 20 टक्के अल्कोहोल. ते ठेवायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, मिलिलिटरचा हिशेब वहीत. बाटल्यांच्या जागा दर वेळी बदलायच्या, कारण काही उंदीर सवयीनं एकाच बाजूला पितात. एक पिंजरा रिकामा असतो. त्यातल्या बाटलीतून जेवढं ठिबकतं तेवढं सगळ्यांच्या आकड्यांतून वजा करायचं.

नऊला दारू समोर येते, तीही फक्त सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी. मधे खंड पडला की उंदीर जास्त पितात, हे रॉय वाईझनं 1973 साली दाखवलं होतं. साडेनऊला पुन्हा बाटल्यांचं वजन. पहिल्या अर्ध्या तासात कोण किती प्यायलं, हा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो.

बारा. लाईट गेली. एसी जनरेटरवर घेतला. खोली तापली की प्राण्यांचे हाल होतात, शिवाय निरीक्षणंही फसतात.

जेवताना एका विद्यार्थ्यानं विचारलं, "मॅडम, उंदराला कुठं कर्ज, कुठं संसाराची काळजी? मग माणसाचं काय कळणार?" प्रश्न रास्त आहे. पण कर्ज आणि काळजी बाजूला काढूनही काही जण थांबत नाहीत, हे उंदरातच स्पष्ट दिसतं.

दुपारी दोनला त्याचीच परीक्षा. कित्येक आठवडे पिणाऱ्यांच्या दारूत आज क्विनीन मिसळलं, कडूजहर. बरेच उंदीर तोंड लावून मागे सरतात. काही मात्र पीतच राहतात. स्वीडनमधल्या लिंकोपिंगच्या संशोधकांनी 2018 साली उंदरांना दारू आणि गोड पाणी यांतलं एक निवडायला लावलं. बहुतेकांनी गोड पाणी घेतलं, सुमारे 15 टक्क्यांनी दारूच धरली. कडू केली, पायाला झटका बसला तरी ती त्यांनी सोडली नाही. त्यांच्या मेंदूतल्या अमिग्डालामध्ये गाबा हे रसायन आवरणारं एक प्रथिन कमी पडलेलं आढळलं. दारुड्याला 'मनाचा कच्चा' म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

चारला नोंदवह्या. प्राण्यांची संख्या नीतिसमितीनं मंजूर केलेली असते, त्याहून एकही जास्त वापरायचा नाही. हा नियम मला मनापासून पटतो.

सहाला घरी निघते तेव्हा वस्तीवरच्या बाया थांबवतात. "औषध हाय का वो ताई यावर?"

आहे. नाल्ट्रेक्सोननं पिणं कमी होतं हे आधी प्राण्यांत दिसलं, माणसांसाठी अमेरिकेत 1994 साली मान्यता मिळाली. आपल्याकडेही मानसोपचारतज्ज्ञ ते यकृत तपासून देतात. 2016 साली पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या महिलांनी दारूबंदीच्या मतदानात आडवी बाटली, म्हणजे दुकान बंद, निवडली, त्या धैर्याचं मोल मोठं आहे. पण कडूही पिणाऱ्याला दुकान बंद झाल्यावर उपचार लागतातच.

आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन 14446, फोन मोफत आहे.