पन्नास वर्षांनी जमलेला मेळा

गवई म्हातारा झाला म्हणजे त्याचे गाणे ऐकायला जावे की न जावे? या प्रश्नावर रसिकांत नेहमी दोन तट पडतात. एक म्हणतो, "अहो, जावे, असा योग पुन्हा येणार नाही." दुसरा म्हणतो, "नको बुवा. जुनी तबकडी घरात आहे, तीच बरी." दोघांचेही म्हणणे खोटे नाही. आज आपण याच प्रश्नाचा थोडा विचार करू. मात्र उदाहरण घेऊ ते एकट्यादुकट्या गवयाचे नव्हे, तर एका अख्ख्या मेळ्याचे. हा मेळा अमेरिकेतला. त्याचे नाव 'द बीच बॉईज', म्हणजे समुद्रकाठची पोरे.

बँड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात येते. इथे तो अर्थ नाही. चारपाच गाणारी पोरे, त्यांच्याच हातात गिटार, पियानो, ढोल, आणि गाणीही बहुधा त्यांनीच बांधलेली, याला तिकडे बँड म्हणतात. आपल्या गणेशोत्सवातल्या मेळ्याला तो जवळचा. लॉस एंजेलिस शहराजवळ हॉथॉर्न नावाचे एक उपनगर आहे. तिथे १९६१ साली ब्रायन, डेनिस आणि कार्ल विल्सन हे तीन सख्खे भाऊ, त्यांचा मावसआतेकडचा म्हणतात तसा भाऊ माईक लव्ह, आणि अल जार्डीन नावाचा एक मित्र असा हा मेळा जमला. पहिले गाणे होते समुद्राच्या लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राहण्याच्या खेळाविषयी. गंमत अशी, की तो खेळ खऱ्या अर्थाने येत होता एकट्या डेनिसला!

आता या मेळ्याचे वैशिष्ट्य नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आपल्या भजनात बुवा एक चरण म्हणतात आणि मागचे सगळे टाळकरी तोच चरण त्याच सुरात उचलतात. दहा गळे, पण सूर एक. एखादा टाळकरी त्या दिवशी आला नाही, तर आवाज थोडा कमी होईल. भजन मात्र तेच राहील. पाश्चात्य लोक ज्याला हार्मनी म्हणतात त्या स्वरमेळाचे तसे नाही. तिथे एकाच वेळी, एकच शब्द, चार जण चार निरनिराळ्या सुरांवर म्हणतात. एक षड्जावर, दुसरा गंधारावर, तिसरा पंचमावर, चौथा वरच्या षड्जावर, असे समजा. हे चार सूर मिळून कानाला एकच भरीव नाद लागतो. त्यातला गंधार काढून घ्या. आवाज कमी होतो एवढेच नव्हे, तर त्या नादाचा स्वभावच बदलतो. ज्याला संगीत कळत नाही असा माणूसही म्हणेल, "काहीतरी हरवले आहे खरे."

थोरला भाऊ ब्रायन हा या सगळ्याचा कर्ता. त्याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. तरीही 'फोर फ्रेशमेन' या गायकांच्या तबकड्या पुन्हा पुन्हा लावून त्याने त्यातला एकेक सूर सुटा केला आणि घरात भावांना वाटून दिला. माईकला खालचा सूर, भावांना आणि अलला मधले, आणि सगळ्यांच्या वर स्वतः ब्रायन. १९६६ साली 'पेट साउंड्स' हा त्यांचा गीतसंग्रह निघाला, तेव्हा ब्रायन अवघा २३ वर्षांचा होता. त्यातले 'गॉड ओन्ली नोज' हे गाणे कार्लने म्हटले आहे; तो तर १९ वर्षांचा. पाश्चात्य सुगम संगीतात त्या संग्रहाला आजही फार वरचे स्थान देतात.

पुढची हकीकत मात्र सुखाची नाही. ब्रायनचे मन नाजूक होते. डिसेंबर १९६४ मध्ये विमानातच त्याचा धीर सुटला, आणि त्यानंतर त्याने मेळ्याबरोबर गावोगाव फिरणे थांबवले. त्याच्या जागी पुढे ब्रूस जॉन्स्टन आला. डेनिस १९८३ साली पाण्यात बुडून गेला. लाटांवर उभा राहणारा तोच एक! कार्ल १९९८ साली कर्करोगाने गेला. उरलेल्यांत कोर्टकचेऱ्या झाल्या. आपण लिहिलेल्या गाण्यांवर आपले नाव नाही, म्हणून माईकने ब्रायनवर दावा लावला आणि १९९४ साली तो जिंकला. कार्ल गेल्यावर मेळ्याच्या नावाने कार्यक्रम करण्याचा परवाना माईककडे आला. म्हणजे नाव एकाकडे, गाण्यांचा कर्ता दुसरीकडे, अल तिसरीकडे, आणि दोन भाऊ या जगात नाहीत.

अशा स्थितीत मेळ्याला ५० वर्षे झाली म्हणून ही माणसे २०१२ साली पुन्हा एकत्र आली. माईक ७१ वर्षांचा. ब्रायन, अल आणि ब्रूस ६९ वर्षांचे. आणि अगदी सुरुवातीला शेजारचा पोरगा म्हणून मेळ्यात वाजवून गेलेला डेव्हिड मार्क्स ६३ वर्षांचा. एप्रिलमध्ये ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन गावी दौरा सुरू झाला. अमेरिका, युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया असा फिरून तो २८ सप्टेंबर रोजी लंडनला संपला. ७० च्या वर कार्यक्रम झाले, आणि पुष्कळदा एकेका रात्री ४० च्या वर गाणी. नवा गीतसंग्रहही निघाला. त्याच्या नावात चक्क 'रेडिओ' हा शब्द आहे, आणि अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

आता कल्पना करा, की तुम्ही त्या सभागृहात बसला आहात. पडदा वर जातो. तुमच्या कानात ४५ वर्षांपूर्वीची तबकडी आहे आणि समोर सत्तरीची माणसे. पहिल्या गाण्यालाच तुम्हाला जाणवते, की ब्रायनचा वरचा बारीक आवाज आता नाही. असे का होते?

याचे कारण शरीरात आहे. आपल्या स्वरयंत्रात दोन नाजूक पडद्या असतात. छातीतली हवा त्यांच्यामधून जाताना त्या थरथरतात आणि आवाज निघतो. सूर वर चढवायचा तर या पडद्या ताणून पातळ कराव्या लागतात. पुरुषाने अगदी बारीक आवाज लावला म्हणजे त्यांच्या फक्त कडा कापत असतात. वय झाले की त्यांतले स्नायू रोडावतात, स्वरयंत्राच्या कूर्चा हाडासारख्या टणक होतात, कडा एकमेकींना नीट भिडत नाहीत आणि मधून हवा निसटते. छातीचा भाताही पूर्वीसारखा भरत नाही. म्हणून वरचे सूर आधी जातात, लांब सुराला कंप येतो आणि वाक्य मध्येच तुटते. ब्रायनच्या बाबतीत तर धूम्रपान आणि इतर व्यसनांनी तो आवाज पस्तिशीच्या आतच खरवडून काढला होता. त्याला दोष द्या वा देऊ नका. गेलेला सूर परत येत नाही.

तबकडी मात्र म्हातारी होत नाही. साध्या माणसाला आपल्या तरुणपणाच्या आवाजाशी स्पर्धा करावी लागत नाही, कारण तो कोणाच्या लक्षात नसतो. गवयाला मात्र ती रोज करावी लागते, आणि तीत तो रोज हरतो.

मग हे गाणे उभे कसे राहते? इथेच स्वरमेळाचा खरा गुण दिसतो. स्वरमेळात माणसाआधी जागा असते. वरचा सूर ही एक जागा आहे. ती ब्रायनने निर्माण केली, पण ती कोणीतरी भरली पाहिजे. त्या दौऱ्यात पाच म्हाताऱ्यांच्या मागे वादक-गायकांचा मोठा ताफा होता. त्यांतले बरेच जण ब्रायनबरोबर वर्षानुवर्षे हीच गाणी करीत आलेले होते. जेफ्री फॉस्केट नावाचा गायक वरचा बारीक सूर सांभाळी. तो पडद्याआड लपलेला नव्हता. मंचावर, सगळ्यांच्या देखत गात होता. ब्रायन पियानोशी बसे आणि आपल्या आजच्या, जाडसर, किंचित अडखळणाऱ्या आवाजात जे झेपेल ते म्हणे.

"ही फसवणूक नाही का?" असे कोणी विचारील. माझे उत्तर असे आहे, की ध्वनिमुद्रित आवाज लावून नुसते ओठ हलवणे ही फसवणूक होईल. पण दुसऱ्या माणसाने उघडपणे जागा घेणे ही फसवणूक नव्हे. किंबहुना त्या गाण्यांना जिवंत ठेवण्याचा तोच मार्ग आहे. घर बांधणाऱ्याच्याने पुढे वासा उचलवत नाही. म्हणून घर कोसळू द्यायचे काय?

पण सगळ्याच जागा अशा भरता येत नाहीत, हेही त्या रंगमंचावरच दिसले. कार्लच्या आणि डेनिसच्या गाण्यांची वेळ आली म्हणजे मागच्या मोठ्या पडद्यावर त्यांची जुनी चित्रफीत लागे. गेलेला भाऊ पडद्यावर गाई आणि खाली जिवंत माणसे त्याला साथ करीत. जरा विचार करून पाहा. साथीदार एरवी गवयाकडे बघतो. गवई थांबला तर थांबतो, लांबवले तर लांबवतो. इथे गवई कोणासाठीही थांबणार नाही. जिवंतांनीच त्याच्या लयीला धरून राहायचे. ब्रायन ६९ वर्षांचा, आणि पडद्यावरचा त्याचा धाकटा भाऊ जेवढा होता तेवढाच राहिलेला. या दोन गाण्यांना उसना गळा न आणता त्या भावांचाच आवाज ठेवला, यात मला त्या मंडळींचा विवेक दिसतो. कोणती जागा दुसऱ्याला द्यावी आणि कोणती मोकळी दाखवावी, हे त्यांना कळत होते.

म्हणून अशा कार्यक्रमाला जाणाऱ्याने काय ऐकायचे, तर जुना आवाज शोधत बसायचे नाही. तो तबकडीत आहे आणि तिथे सुखरूप आहे. ऐकायचे ते हे, की जागा कशा वाटून घेतल्या आहेत. कोण कोणाला सावरून घेतो आहे? अलचा आवाज वयाच्या मानाने चांगला टिकला होता. तो कुठे पुढे येतो? माईक आपला खालचा सूर अजून कसा धरतो? आणि सगळे एकदम एका स्वरमेळावर आले, की तो जुना भरीव नाद क्षणभर कसा उभा राहतो? अर्धशतकाची भांडणे त्या क्षणाला बाजूला पडलेली असतात. प्रेमाने पडतात असे मी म्हणत नाही. शेजारच्याचा सूर नीट ऐकल्याशिवाय आपला सूर बसतच नाही, म्हणून पडतात. स्वरमेळात कान आधी लागतो, गळा मागाहून.

हे कायमचे टिकले का? नाही. दौरा संपता संपताच माईकने जाहीर केले, की यापुढे आपण पूर्वीप्रमाणे ब्रायन, अल आणि डेव्हिड यांच्याशिवाय कार्यक्रम करू. ब्रायनने वर्तमानपत्रात लिहिले, की आपल्याला कामावरून काढल्यासारखे वाटते आहे. माईकचे म्हणणे, की मी कोणाला काढले नाही. दौऱ्याला शेवट होता आणि तो आधीच ठरलेला होता. कोण खरे, याचा निवाडा आपण दुरून करू नये. पण एक गोष्ट उघड झाली. मेळ्याचे नाव ही मालमत्ता आहे. तिचा परवाना निघतो, तिच्यावर हक्क सांगता येतो. मेळ मात्र कोणाच्याच नावावर होत नाही. माणसे समोरासमोर उभी राहिली तरच तो होतो, आणि उठून गेली की संपतो.

पुढे तसा दौरा पुन्हा झाला नाही. वरचा सूर सांभाळणारा जेफ्री फॉस्केट २०२३ साली वारला. ११ जून २०२५ रोजी ब्रायन विल्सनही वयाच्या ८२ व्या वर्षी गेला. २०१२ च्या उन्हाळ्यात ज्यांनी "आता काय राहिले आहे त्यांच्या गळ्यात?" म्हणून तिकीट काढले नाही, त्यांच्याजवळ तबकडी आहेच. ज्यांनी काढले, त्यांनी तबकडीत नसलेले काहीतरी ऐकले.

शिक्षक वाचकांना एक सुचवावेसे वाटते. या दौऱ्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे आणि १९६६ चे ध्वनिमुद्रणही सहज मिळते. वर्गात 'गॉड ओन्ली नोज' आधी जुने ऐकवा, मग २०१२ चे दाखवा. भाषा कळली नाही तरी चालेल. मुलांना एवढेच विचारा, "किती सूर ऐकू येतात? कोणता सूर कोणाचा?" मग तीन मुलांना सा, ग, प असे एकेक सूर देऊन एकदम लावायला सांगा, आणि थोड्या वेळाने ग लावणाऱ्याला गप्प बसवा. खोलीत काय बदलले, ते मुले आपण होऊन सांगतील. आणि गावच्या भजनात एखादे आजोबा अजून पेटीशी बसत असतील, तर येत्या एकादशीला थोडे लवकर जाऊन त्यांच्या जवळची जागा धरा.