अपेंडिक्समधून लघवीची वाट: ही शस्त्रक्रिया नेमकी काय आहे?

शाळेत जाणारं मूल सतत ओलं राहतं? जन्मतः मणक्यात दोष, म्हणजे स्पायना बायफिडा असेल, तर मूत्राशयाच्या नसाच नीट काम करत नाहीत. ही खोड नव्हे. ओरडून काही होणार नाही. खरा धोका किडनीला. दाब वाढला की लघवी उलटी वर चढते.

आधी औषधं, आणि दिवसातून चार-पाच वेळा नळीने लघवी काढणं. तेवढ्यावर भागलं नाही, तर आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करतात. फ्रान्सच्या पॉल मित्रोफानॉफ यांनी १९८० मध्ये अपेंडिक्सचीच वाट करून ती पोटावर उघडण्याची पद्धत मांडली. बेंबीजवळून मूल स्वतः नळी घालू शकतं, अगदी शाळेतही. नस मात्र दुरुस्त होत नाही, नळी कायम राहते.

कोल्हापुरात शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांना लाज न बाळगता सांगा, तपासणी मोफत असते.