पदवी आधी की करार आधी?

गेल्या जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत शिवाजी पेठेतले एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. अर्ज हातात होता, पण कोराच. "सर, पोरगं बॅकला खेळतंय. एका क्लबाचं बोलावणं आलंय. कॉलेजात तीन वर्षं फुकट घालवायची का?" असा त्यांचा रोकडा सवाल. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेच्या अब्रूचा विषय. तेव्हा मी काही घाईने बोललो नाही. पण या सवालाचा हिशेब ज्या देशात अगदी उघडपणे मांडावा लागतो, तो देश म्हणजे अमेरिका. तिथल्या एका बचावपटूची हकीकत आज सांगतो.

तिचे नाव नेओमी गिर्मा. जन्म २००० सालचा, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे गावचा. आईवडील इथिओपियातून आलेले. गिर्मा हे खरे म्हणजे आडनाव नव्हे, वडिलांचे नाव. त्यांच्याकडे मुलांच्या नावापुढे बापाचे नाव लागते. आपण निदान त्यापुढे आडनाव तरी जोडतो! वडील इंजिनिअर. आपल्या समाजातली मुले एकत्र यावीत म्हणून त्यांनी फुटबॉलचा एक मेळा सुरू केला आणि त्याला 'मलेदा', म्हणजे पहाट, असे नाव दिले. पोरगी तिथेच खेळायला शिकली.

अठराव्या वर्षी, २०१८ साली, ती स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाली. या निवडीचे मर्म कळायला तिथला नियम समजून घेतला पाहिजे. अमेरिकेत विद्यापीठाच्या संघातून खेळणारा खेळाडू हौशी असावा लागे. चांगल्या खेळाडूला शिष्यवृत्ती मिळे, पण खेळाचा पगार नाही. एकदा का धंदेवाईक क्लबाशी करार केला, की त्या खेळात विद्यापीठाचा दरवाजा बंद. म्हणजे पदवी आधी घेतली तर करार पुढे करता येतो, पण करार आधी केला तर विद्यापीठाचा संघ आणि त्याची शिष्यवृत्ती हातची जाते. दरवाजा एकाच बाजूने उघडणारा.

आणि दरवाजाच्या पलीकडे तरी काय होते? त्या साली तिथल्या महिला लीगमध्ये किमान वेतन होते वर्षाला १५,७५० डॉलर. कॅलिफोर्नियात तेवढ्यात घरभाडेही भागायचे नाही. तेव्हा मुलींच्या बाबतीत ही निवड पुष्कळदा परिस्थितीनेच केलेली असे. हे विसरून तिच्या दूरदृष्टीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

तरीही, बचावपटूला चार वर्षे थांबणे इतरांपेक्षा कमी महाग पडते असे मला वाटते. पुढच्या फळीतल्या पोराच्या पायात वेग असला की सतराव्या वर्षीही त्याचे निभते. त्याने दहा वेळा चेंडू घालवला आणि अकराव्या वेळी गोल केला, तर लोक त्याला खांद्यावर घेतात. मागे खेळणाऱ्याची एकच चूक गोल होऊन बसते. तिथे पायापेक्षा नजर लागते : समोरचा कुठे वळणार, आपला जोडीदार कुठे उभा आहे, पुढे धावायचे की जागा धरून ठेवायची. ही नजर वयाने आणि सामन्यांनी येते.

आता सामने किती, हा मात्र खरा आक्षेप आहे. विद्यापीठांचा हंगाम ऑगस्टला सुरू होऊन डिसेंबरात आटोपतो. साडेतीन-चार महिन्यांत वीस-पंचवीस सामने कोंबलेले, आणि पुढे मोठी पोकळी. शिवाय बदलून बाहेर गेलेला खेळाडू तिथे पुन्हा मैदानात येऊ शकतो, त्यामुळे दम राखून नव्वद मिनिटे खेळण्याची सवय लागत नाही. स्टॅनफर्डचीच टिअर्ना डेव्हिडसन, तीही बचावपटूच, पुरी चार वर्षे थांबली नाही. २०१९ च्या जानेवारीत ती शिकागोच्या क्लबात गेली आणि त्याच वर्षी जग जिंकणाऱ्या अमेरिकेच्या संघात होती. तेव्हा थांबणे हेच शहाणपण, असे कोणी म्हणू नये.

गिर्मा थांबली. २०१९ च्या डिसेंबरात, तिच्याच गावी झालेल्या अंतिम सामन्यात, स्टॅनफर्डने नॉर्थ कॅरोलायनाला पेनल्टीवर हरवले. पुढल्याच वर्षी तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि हंगाम बुडाला. पोटासाठी खेळणाऱ्याला अशा वेळी पुढच्या कराराची धास्ती असते. हिचे वर्ग चालू होते. विषय म्हणाल तर संगणकशास्त्र, तर्क, भाषा, मन आणि तत्त्वज्ञान यांची एकत्र मोट बांधलेला. मी भाषेचा मास्तर, मला त्याचे कौतुक. बचावाच्या खेळाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो.

नव्या खेळाडूंची वाटणी तेव्हा क्लबांनी पाळीपाळीने नावे उचलून होत असे. त्यात सॅन डिएगोने तिला पहिल्या क्रमांकाने उचलले. २०२२ च्या हंगामात ती लीगची उत्कृष्ट नवोदित आणि उत्कृष्ट बचावपटू ठरली. २०२४ ला पॅरिसचे ऑलिंपिक सुवर्ण. जानेवारी २०२५ मध्ये लंडनच्या चेल्सीने तिच्यासाठी सुमारे ११ लाख डॉलर मोजले. दहा लाखांचा आकडा ओलांडणारी ती पहिलीच महिला खेळाडू. अर्थात हे पैसे क्लबाने क्लबाला दिलेले, तिच्या पदरात टाकलेले नव्हेत.

दरम्यान त्या दरवाजाच्या बिजागऱ्याही सैल झाल्या. २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले, २०२२ साली लीगचे किमान वेतन ३५,००० डॉलर झाले, आणि नावे उचलण्याची ती पद्धत २०२४ मध्ये बंद पडली. आता तिथल्या सतरा वर्षांच्या मुलीला आपला हिशेब नव्याने मांडावा लागेल.

त्या गृहस्थांना मी एवढेच विचारले, की क्लब किती वर्षांचा करार देतो, आणि पोराचा गुडघा दुखावला तर खर्च कोणाचा? त्यांनी मुलाकडे पाहिले, मुलाने जमिनीकडे. "ते लिहून घ्यायचं राहिलंच की," असे म्हणून ते उठले. कोरा अर्ज टेबलावरच राहिला होता. तो नेण्यासाठी मुलगा दारातून परत आला.