आसनांची मांडणी आणि अंकांची क्रमिका

परीक्षेच्या दालनात एका ओळीत काही आसने मांडलेली आहेत. लगतच्या दोन आसनांवर परीक्षार्थी बसता कामा नये, एवढीच अट. सर्व आसने रिकामी राहिली तरी हरकत नाही. अशा मांडण्या किती होतील? आसन एक असेल तर २, दोन असतील तर ३, तीन असतील तर ५ आणि चार असतील तर ८.

यामागील कारण साधे आहे. शेवटचे आसन रिकामे ठेवले तर उरलेल्या आसनांची कोणतीही मान्य मांडणी चालते. ते भरले, तर अलीकडचे आसन रिकामे ठेवावेच लागते आणि मोकळीक उरते ती त्याआधीच्या आसनांपुरती. म्हणून प्रत्येक संख्या ही आधीच्या दोन संख्यांची बेरीज होय. १२०२ साली लिहिलेल्या ग्रंथामुळे ही क्रमिका फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. तथापि लघूची एक व गुरूच्या दोन मात्रा धरून रचना मोजताना विरहांकाने आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी हाच नियम सांगितला होता. ओळीच्या शेवटी एक रिकामे आसन जोडावे. मग भरलेले आसन व त्यापुढचे रिकामे आसन मिळून गुरू, आणि उरलेले प्रत्येक रिकामे आसन लघू. दोन्ही प्रश्न एकच ठरतात!

अशा क्रमिकांचा संग्रह नील स्लोन यांनी १९६४ साली सुरू केला. १९७३ च्या त्यांच्या पुस्तकात २,३७२ क्रमिका होत्या. १९९६ पासून इंटरनेटवर असलेल्या या कोशात आज साडेतीन लाखांवर क्रमिका आहेत. मोजणीचे पहिले काही अंक काढून कोशात शोधावेत, ही अभ्यासकांची नित्याची रीत आहे. मात्र साम्य म्हणजे सिद्धता नव्हे. वर्तुळावरील बिंदू एकमेकांना जोडले असता वर्तुळाचे जास्तीत जास्त भाग १, २, ४, ८, १६ असे होतात. सहाव्या बिंदूला ३२ ची अपेक्षा करणाऱ्याला ३१ च मिळतात.

आसने चौरसात मांडली आणि मागे-पुढेही तीच अट घातली, की प्रश्न अवघड होतो. तीन ओळी, प्रत्येकीत तीन आसने, असे घ्या. मधल्या ओळीच्या मान्य मांडण्या पाच. ती पूर्ण रिकामी असेल तर शेजारच्या ओळीला ५ पर्याय. केवळ मधले आसन भरले तर ४. केवळ एका टोकाचे भरले तर ३, आणि अशी टोके दोन. दोन्ही टोके भरली तर २. पुढची व मागची ओळ परस्परांपासून स्वतंत्र असल्याने या संख्यांचे वर्ग मिळवावयाचे: २५, १६, ९, ९ आणि ४, एकूण ६३. चार-चारच्या चौरसाला हीच संख्या १,२३४ होते, पाच-पाचच्या चौरसाला ५५,४४७.

पदार्थविज्ञानात, एकमेकांना लगत येऊ न शकणाऱ्या कणांचा विचार करताना हीच मोजणी लागते. षट्कोनी कणांचा प्रश्न रॉडनी बॅक्स्टर यांनी १९८० साली अचूक सोडविला. चौरस जाळीसाठी मात्र तसे अचूक सूत्र अद्याप हाती आलेले नाही. तेथे ओळीमागून ओळ घेऊन संगणकाकडून मोजणी करून घ्यावी लागते.