पावणेतीनची भट्टी

रात्री सव्वानऊ

माझगावातली एक गल्ली. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. पुढचं शटर बंद झालंय, बेकरीचं मागचं दार उघडं आहे. आत मिस्त्री मैद्याची गोण फोडताहेत. शिवणीचा दोरा एका टोकाला धरून ओढला की सरसर निघतो. तो फेकायचा नाही, बोटाभोवती गुंडाळून खिळ्याला अडकवायचा. गोण पन्नास किलोची, सतराशे-अठराशेला पडते. रिकामी गोणही विकली जाते.

मिस्त्री आझमगढकडचे. अंगात बनियन, खाली पिठाने पांढरा झालेला पायजमा. हाताखाली दोन पोरं. मळायला मशीन आहे. मोठी लोखंडी परात फिरते, वरून एक वाकडा हात पीठ ढवळतो. पाण्याला माप नाही. बादलीच्या आत खिळ्याने ओरखडलेली रेघ आहे, तिथवर भरायचं. मग मीठ, थोडी साखर, यीस्ट.

"यीस्ट कितना?"

"पाव भर से थोड़ा कम. गरमी है."

पावासाठी पाव किलो. कुणाच्या कानाला खटकत नाही, आणि खटकायचं कारणही नाही. वजनातला पाव इथलाच, संस्कृत 'पाद'मधून आलेला. पाद म्हणजे पाय, आणि चौथा हिस्साही. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे त्याचा चौथा भाग. आपलं घड्याळही त्याच पावावर चालतं. सव्वानऊ म्हणजे पावासकट नऊ, पावणेतीन म्हणजे पाव कमी तीन.

खायचा पाव मात्र जहाजातून उतरला. पोर्तुगीजांचा 'पांव', त्याच्या मागे लॅटिन 'पानिस'. गोवा त्यांनी 1510 मध्ये घेतला. वसईबरोबर मुंबईची बेटं 1534 मध्ये त्यांच्याकडे गेली. आपल्याकडे भाकरी होती, पोळी होती. या फुगलेल्या वस्तूला नाव नव्हतं. वस्तू आली, नाव तिच्याबरोबरच आलं.

मिस्त्रींचं मत वेगळं. "पुराने ज़माने में पाँव से गूँथते थे, इसलिए पाव," असं म्हणून ते स्वतःचे हात पुढे करतात. नखांत पीठ. "हम तो हाथ से." ही गोष्ट मुंबईत सगळीकडे ऐकू येते. अडचण एवढीच, की लिस्बनमध्ये कुणाला हिंदी येत नव्हतं आणि तिथेही तो 'पांव'च होता, नाकातल्या उच्चारासकट. मिस्त्रींचा पाँव नातेवाईक आहे तो पाव किलोचा. भट्टीतल्या पावाशी त्याची फक्त तोंडओळख.

रात्री पावणेबारा

पीठ दुप्पट झालंय. लाकडी फळीवर ओतलं की ते हळूहळू पसरतं. मिस्त्री पात्याने तुकडे तोडतात, पोरं गोळे करतात, दोन्ही हातांनी एकेक. काटा आहे पण त्यावर बसतो दहांतला एखादाच गोळा. पन्नास ग्रॅम हाताला कळतात. एका गोणीत पाणी धरून ऐंशी किलोच्या आसपास पीठ होतं, म्हणजे सोळाशे गोळे.

तेल फिरवलेल्या पत्र्यावर गोळे अंतर ठेवून लावायचे. फुगले की एकमेकांना चिकटतात. म्हणून वरून तांबूस आणि कडेला पांढरा, मऊ. सहा पावांची एक लादी.

थोरल्या पोराला दिवसाचे पाचशे मिळतात, धाकट्याला चारशे. मिस्त्रींना आठशे. राहणं माळ्यावर, जेवण बेकरीचं. पत्रे भरले की वर गोणपाट टाकतात आणि तिघंही दाराबाहेर जाऊन बसतात. चहा दहा रुपये कटिंग. आज धाकट्याची पाळी.

पहाटे पावणेतीन

भट्टी खोलीएवढी आहे, विटांची, तोंड मात्र खिडकीएवढं. आत दहापासून लाकूड जळतंय. जुन्या दरवाजांच्या चौकटी, पॅकिंगच्या पेट्या, मोडकी कपाटं. भंगारातलं हे लाकूड चार-पाच रुपये किलोने येतं, धड लाकडाला दहा-बारा मोजावे लागतात. 2025 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकडा-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर न्यायला सांगितलं. गॅसची भट्टी बसवायला किती येईल, याचे दोन कागद शेठच्या गल्ल्यात आहेत. मिस्त्रींनी ते पाहिलेले नाहीत. गॅसवर पावाला वास येत नाही, असं ते म्हणतात. धुरावर त्यांना स्वतःला खोकला येतो, हे ते म्हणत नाहीत. ते दिसतं.

निखारे बाजूला ओढले. लांब काठीला बांधलेलं ओलं गोणपाट आतल्या लादीवरून फिरवलं. ही लादी विटांची. वाफेचा लोट बाहेर आला. मिस्त्रींनी चिमूटभर मैदा आत भिरकावला. लगेच काळा पडला. थांबायचं. पाच मिनिटांनी पुन्हा. आता सावकाश तांबूस झाला.

"चलो."

माणसापेक्षा लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावरून पत्रे आत जातात. आधी अगदी मागच्या कोपऱ्यातले. फावडं ढकलायचं आणि झटका देऊन रिकामं ओढायचं. खांद्याचं काम आहे. पंधरा-वीस मिनिटांत पहिले पत्रे बाहेर येतात. पोरं हातात गोणपाटाचे तुकडे धरून पत्रे घेतात. धाकट्याच्या मनगटावर भाजल्याच्या तीन रेघा आहेत, एक नवी.

पहाटे सव्वाचार

सायकली आल्या. कॅरियरला दोन्हीकडे पोती, वर प्लास्टिकचं क्रेट. सायकलवाल्याला लादीमागे दोन रुपये सुटतात. शंभर लाद्या म्हणजे दोनशे, त्यातून पंक्चर त्याचं. तो मोजतो, मिस्त्री मोजतात, मग दोघं आकड्यावरून भांडतात. रोज.

सकाळी सव्वासहा

शटर वर झालं. गल्ल्यावर शेठ बसले. इराणी, तिसरी पिढी. घरी पावाला त्यांचा शब्द 'नान'. 'पा' म्हटलं तर त्यांच्या आजीला पायच कळला असता, कारण फारसीत पा म्हणजे पाय. पायजमा म्हणजे पायाचं वस्त्र, तो तिकडूनच आला. म्हणजे फारसी पायाच्या पायजम्यात उभं राहून मिस्त्री पोर्तुगीज पाव भाजतात. शेठना हे सांगितलं तर म्हणाले, "आणि उधारी मराठीत."

काउंटरवर पहिल्या येतात त्या गोव्याच्या आंटी. सत्तरीच्या, छापील फ्रॉक, हातात कापडी पिशवी.

"दोन कडक दे, बाबा. काल मऊ दिलेले."

पोरगा पाव बोटांनी दाबून दाखवतो. त्या स्वतः दाबतात. त्यांचे वडील गोव्यातल्या साष्टीतून मुंबईला आले, बेकरीतच कामाला. साष्टीच्या ख्रिस्ती गावांतून बरेच पाववाले मुंबई-पुण्यात आले. गोव्यात पाववाल्याला पोदेर म्हणतात, पोर्तुगीज 'पादेइरु'वरून. तिथे पीठ फुगवायला यीस्ट नव्हतं, माडाची सूर घालायचे. आंटी अजून म्हणतात, यीस्टचा पाव संध्याकाळपर्यंत चामडं होतो.

त्यांचा मुलगा जहाजावर स्वयंपाकी आहे. बंदराबंदरांतून तो आईला पावाच्या गोष्टी आणतो आणि आंटी त्या काउंटरला टेकून सांगतात. मागे रांग वाढते. जपानात पावाला 'पान' म्हणतात. पोर्तुगीज जपानला 1543 मध्ये पोचले, त्यांनी शब्द तिथेही उतरवला. जपानी लोकांनी तो पुढे कोरियाला दिला, तिथे तो 'प्पांग' झाला. बँकॉकला 'खनोम पांग'. कोलंबोतही 'पान'. मुलाने पहिल्यांदा तिथे हौसेने पान मागितलं, जेवणानंतर विडा खायचा म्हणून. समोर आला स्लाइसचा ब्रेड. विड्याच्या पानाला सिंहलीत 'बुलत'. आपलं पान 'पर्ण'मधून, त्यांचं लिस्बनमधून.

मनिलाचा घोळ आणखी मजेशीर. तिथे सकाळी 'पांदेसाल' खातात. हा स्पॅनिश 'पान', मिठाचा पाव. शेजारच्या काचेत 'सिओपाओ' असतो. ऐकायला तोही पावच, पण तो चिनी. चिनी 'बाओ' म्हणजे गुंडाळलेलं, पुरचुंडी. पीठ गुंडाळून वाफवायचं. त्याचा लॅटिनशी काही संबंध नाही. आंटींना हे पटत नाही. माझगावात चिनी देऊळ आहे, एकेकाळी आसपास चिनी कुटुंबं होती, आणि आंटींच्या मते चिन्यांनीही पाव गोव्यातूनच नेला.

"आंटी, ऑफिस है," मागून कुणीतरी म्हणतं. दोन कडक पाव, दहा रुपये. सुटे आहेत.

सकाळी पावणेआठ

कोपऱ्यावरच्या उडुपी हॉटेलातला पोऱ्या वीस लाद्या न्यायला आला. मिसळ आणि भाजीसाठी. मालक कुंदापूरकडचे. त्यांच्या कन्नडात 'पावु' म्हणजे तांदूळ मोजायचं माप, पावशेराचं. घरी अजून पितळेचं आहे म्हणतात. जुन्या कन्नडात 'पावु' म्हणजे सापही. पुढे 'प'चा 'ह' झाला आणि तो 'हावु' झाला. मापातला 'प' तसाच राहिला. हॉटेलच्या वहीत 'पाव 20' लिहिलंय आणि कुणी साप पाठवलेला नाही.

सकाळी साडेअकरा

मिस्त्री आणि पोरं माळ्यावर झोपली. पंखा एक, तोंड मिस्त्रींकडे.

दुपारी पावणेचार

वडापावच्या गाड्यांसाठी दुसरी, छोटी भट्टी. अर्धी गोण. सकाळच्याच उष्णतेवर होते, लाकूड थोडं लागतं. त्यांना पाव थोडा मोठा हवा आणि भाव तोच. शेठ रोज नाही म्हणतात आणि रोज देतात.

संध्याकाळी पावणेसहा

हिशोब. गाडीवाल्यांची उधारी, हॉटेलांची आठवड्याची बिलं. शेठ पावतीपुस्तकात कार्बन सरकवतात. पावती ना पायाची, ना पावाची. ती 'पावणे'ची, म्हणजे पोचणं, मिळणं, संस्कृत 'प्राप्'मधून. रक्कम पावली. नवस फेडायला जाणाऱ्याला देव पावलेला असतो, तोही याच क्रियापदाने. आज एक गाडीवाला मागचे बाराशे रोख देऊन गेला. शेठ छताकडे बघून पारशी-गुजरातीत काहीतरी पुटपुटले.

उद्याचा मैदा उतरतोय. हमाल एकावेळी एक गोण पाठीवर घेतो, उतरवायचे गोणीमागे दहा रुपये. गोणीवर गिरणीचं नाव आणि खाली 'कंपनी'. या शब्दातही पाव लपलाय. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव; ज्याच्यासोबत पाव खायचा तो सोबती, आणि अशा सोबत्यांची ती कंपनी. आपल्याकडे कंपनी सरकार आलं तेव्हा हा अर्थ त्यात उरला नसावा.

रात्री आठ

पगाराचा दिवस. मिस्त्रींनी आगाऊ उचललेले तीन हजार कापून शेठनी बाकीचे हातावर ठेवले. समोरचा मोबाइलवाला पैसे गावी पाठवतो, हजारामागे दहा रुपये घेतो. मिस्त्रींच्या स्वतःच्या फोनवरून फुकट जातात, पण गेल्या वेळी दोन दिवस अडकले, तेव्हापासून ते दहा रुपये देतात. दहा हजारांचे शंभर.

मग गावी फोन. "पइसा मिलल?" असं विचारतात. त्यांच्या बोलीत 'मिलल' चालतं आणि 'पावल'ही. आपलं पावणं आणि त्यांचं पावल एकच. पलीकडून उत्तर येतं, अजून नाही. मिस्त्री मोबाइलवाल्याकडे बघतात. तो स्क्रीन वळवून दाखवतो. हिरवी खूण आहे.

"पाँच मिनट रुको," तो म्हणतो.

मिस्त्री फोन चालूच ठेवतात आणि पत्र्याचा भाव विचारतात. गोठ्यावर नवे पत्रे घालायचे आहेत, पावसाच्या आत.