लेकराच्या खाटेभोवती उभी असलेली ती पोरं कोण?

रविवारची वंदना झाली की आमच्या विहारात बायका-माणसे थोडा वेळ बसतात. तिथे एका ताईने आपली गोष्ट सांगितली. तिचा चार वर्षांचा मुलगा तापाने फणफणला होता. हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडत होता. तिने त्याला मोठ्या दवाखान्यात भरती केले. सकाळी पांढरे कोट घातलेली सात-आठ पोरं खाटेभोवती गोळा झाली. एकाने पोट दाबून पाहिले, दुसऱ्याने पापणी ओढून पाहिली, तिसरी वहीत लिहीत होती. मग आपसात इंग्रजीत बोलून ती पुढच्या खाटेकडे गेली. ताई म्हणाली, "मले वाटलं, गरिबाचं लेकरू हाय म्हणून याच्यावर हात बसवून राह्यले." रागारागात ती गप्प राहिली. आपल्या दिराला सिकलसेल आहे, हेही तिने सांगितले नाही.

संध्याकाळी त्यांच्यातलीच एक मुलगी एकटी परत आली. स्टूल ओढून बसली आणि विचारले, "ताई, घरात आणखी कोणाचे हातपाय असे दुखतात का?" तेव्हा ताई बोलली. मुलीने ते लगेच वरच्या डॉक्टरांना कळवले. रक्त तपासले आणि लेकराला सिकलसेल निघाला.

ती मुलगी अजून डॉक्टर झालेली नव्हती, शिकत होती. म्हणून या वेळी आम्ही ठरवले की, लेकरांच्या वॉर्डात शिकणारी ही पोरं कोण, ती काय शिकतात आणि त्यांच्याशी आपण कसे वागावे, हे नीट समजून घ्यायचे.

वॉर्डात कोण कोण असते?

आपल्या वर्धा जिल्ह्यात डॉक्टर घडवणारी दोन मोठी रुग्णालये आहेत. एक सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. तिथले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान हे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केले. दुसरे सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. तिथले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९० पासून चालते. गांधींशी आपले मतभेद जगजाहीर आहेत, पण रात्री लेकरू तापाने जळत असते तेव्हा आपण सेवाग्रामची वाट धरतोच. सेवाग्रामला प्रत्येक वर्षीच्या विद्यार्थ्यांना एक गाव दिले जाते आणि त्यातली काही कुटुंबे प्रत्येकाकडे सोपवलेली असतात. म्हणजे शिकणारे पोरगे आपल्या दारापर्यंतही येते.

एमबीबीएसचे शिक्षण साडेचार वर्षांचे. त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. शेवटच्या वर्षांतले विद्यार्थी बालरोग विभागात भरती झालेली लेकरे पाहून शिकतात. २०१९ पासून देशभर लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमानुसार विद्यार्थ्याने एखाद्या रुग्णासोबत भरतीपासून सुट्टीपर्यंत राहून शिकावे, अशी पद्धत आहे. मात्र स्वतःच्या मनाने औषध लिहिण्याचा अधिकार त्याला नाही. त्याच्यावर इंटर्न, इंटर्नवर निवासी डॉक्टर, निवासी डॉक्टरांवर प्राध्यापक अशी उतरंड असते. उपचार काय करायचे हे वरचे डॉक्टर ठरवतात आणि जबाबदारीही त्यांचीच असते.

बाहुलीवर शिकता येत नाही ते

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हे विद्यार्थी आधी रबरी बाहुलीवर शिकतात. पण बाहुली रडत नाही, खेकसत नाही, आईला बिलगत नाही. रडत्या लेकराचा श्वास मोजला तर तो चुकीचा येतो. म्हणून लेकरू शांत होईपर्यंत थांबायचे आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छाती-पोटाकडे पाहायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल, तर तो जलद समजायचा. न्यूमोनियाची ती खूण असू शकते. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर दुखणे अधिक गंभीर.

दंडाचा घेर पट्टीने मोजणे हीसुद्धा अशीच साधी गोष्ट. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण. अंगणवाडीताई आणि आशाताईही हे मोजतात. वॉर्डात विद्यार्थी श्वास मोजत असेल तेव्हा माता-भगिनींनी शेजारी उभे राहून मोजायला शिकावे. हे ज्ञान कोणाच्या मालकीचे नाही.

विनयपिटकात जीवकाची कथा आहे. तो तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकला. शेवटी गुरूने त्याला सांगितले की, औषध नाही अशी एखादी वनस्पती नगराभोवती फिरून शोधून आण. जीवक रिकाम्या हाताने परतला, कारण औषधी गुण नसलेली एकही वनस्पती त्याला सापडली नाही. गुरूने त्याला उत्तीर्ण केले. पुढे त्यानेच भगवान बुद्धांवर आणि भिक्खूसंघावर उपचार केले. चांगला वैद्य आधी नीट पाहायला शिकतो, हा त्या कथेचा अर्थ आम्ही घेतो.

आपण काय सांगावे?

विद्यार्थी खूप प्रश्न विचारतात. बाळ जन्मल्यावर लगेच रडले का, वजन किती होते, वरचे अन्न कधी सुरू केले, कोणत्या लसी झाल्या, घरात कोणाला टीबी आहे का. कंटाळा येतो, पण निदानाचा अर्धा रस्ता तिथूनच जातो. लसीचे कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, मेडिकलमधून आणलेल्या औषधांची पाकिटे सोबत न्यावीत. घरगुती उपाय केला असेल, कोणाकडे झाडफूक केली असेल, तर तेही लाज न बाळगता सांगावे.

सिकलसेलचे मात्र पहिल्यांदा सांगावे. विदर्भात आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये, आपल्या बौद्ध समाजातही, हा आजार बराच आढळतो. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात लेकराला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे ना पूर्वजन्मीचे पाप, ना कोणाची करणी. सिकलसेलच्या लहान लेकराला ताप आला तर घरी थांबू नये, कारण जंतुसंसर्ग फार वेगाने वाढू शकतो. पोटात डाव्या बाजूला पाणथरी एकाएकी वाढली तरी तसेच.

समाज विचारला की आपले कान टवकारतात, आणि ते साहजिक आहे. तेव्हा शांतपणे विचारावे, "हे कशासाठी विचारता?" सिकलसेलसाठी विचारत असतील तर उत्तर द्यावे. अपमान वाटला तर विभागप्रमुखांकडे लेखी तक्रार करावी.

आपण काय विचारावे?

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. आजाराची माहिती मिळणे, संमती विचारली जाणे, खाजगीपणा जपला जाणे, कागदपत्रे मिळणे हे त्यातले हक्क आहेत. म्हणून विचारावे, "तुम्ही विद्यार्थी की डॉक्टर? आत्ता काय ठरले, ते मराठीत सांगा." लेकरू थकले असेल, तर "आता झोपू द्या, नंतर या" असे म्हणता येते. त्यामुळे उपचार अडवता येत नाहीत. आणि लेकरू दूध-पाणी घेत नसेल, सगळे ओकत असेल, झटके आले किंवा सुस्त पडले, तर राऊंडची वाट न पाहता लगेच सिस्टरला हाक मारावी.

बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार लेकरे लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ मध्ये. त्या काळात अशी पोकळी आपल्या कितीतरी घरांत होती. आज दवाखाना जवळ आहे. तिथे शिकणाऱ्या पोरांत आपल्या वस्त्यांतून गेलेली पोरेही असतात. उद्या तुमची मुलगी गळ्यात स्टेथोस्कोप घालून कोणाच्या तरी खाटेजवळ उभी राहील. तिला शिकवणारी पहिली गुरू ती आजारी लेकराची आईच असेल.

त्या ताईचा मुलगा आता नियमित औषध घेतो. ताई वस्तीतल्या बायकांना सांगते, "डॉक्टरपाशी गप्प नका बसू."

जय भीम! नमो बुद्धाय!